भाजक्या उतारावरचं नाक

१९ जुलै

डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून हे लिहितोय. व्हिएनच्या दवाखान्यातून सोडताना म्हणाल्या, "डोक्याला मार लागलाय, मस्यू रेजिस. रोज चार ओळी लिहीत जा. आठवण शाबूत आहे की नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल."

आठवण शाबूत आहे. परवा सकाळी काळ्या उतारावरच्या आमच्या मळ्यात वेलींचे शेंडे खांबांना बांधत होतो. उतार धरून ठेवणाऱ्या दगडी तालीचा एक दगड निसटला आणि त्याच्या पाठोपाठ मी निसटलो. खालच्या तालीवर उताणा पडलो, डोकं दगडावर आपटलं. शेजारच्या तुकड्यात आल्बान होता. तो धावत आला, मला बसतं केलं आणि पहिलं वाक्य काय बोलला? "दगड माझ्या बाजूचा नव्हता हं, रेजिस."

आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवरून मी आणि आल्बान इतकी वर्षं भांडतोय, की आता भिंतीपेक्षा भांडण जास्त मजबूत आहे.

चार टाके पडले. बाकी सगळं ठीक. फक्त दवाखान्यातली कॉफी अगदीच गरम पाणी होती.

२० जुलै

घरची कॉफीपण गरम पाणीच लागली. माझ्या बायकोला, ओडिलला, म्हटलं, "पावडर बदललीस का?" ती म्हणाली, "नाही तर. तीच आहे, नेहमीची."

२२ जुलै

आज तळघरात उतरलो. गेल्या वर्षीच्या वाईनच्या पिंपाचं बूच काढलं, काचेच्या नळीनं थोडी ओढली, पेल्यात घेतली, पेला फिरवला, नाक घातलं.

काही नाही.

दुसऱ्या पिंपाशी गेलो, मग तिसऱ्या. नुसतं ओलं, थंड काहीतरी नाकाला लागतंय. जिभेवर आंबट कळतं, तुरट कळतं, आणि तिथेच संपतं. मग वेड्यासारखा तळघरभर फिरलो. बुरशी धरलेली भिंत हुंगली, गंधकाची डबी उघडून हुंगली. नाकातून पाणी आलं, डोळे चुरचुरले, पण वास नाही.

आंप्वी गावात मला ‘नाक’ म्हणतात. माझ्या बापालाही म्हणायचे. कुणाचं पिंप बिघडतंय असं वाटलं, की पेला घेऊन तो आमच्या दारात येतो. "नाक घरी आहे का?" असंच विचारतात ओडिलला. अशा माणसाचं नाकच गेलं, तर मागे राहिलं काय? उतारावरून पडलेला एक म्हातारा.

कुणाला सांगायचं नाही. ओडिललाही नाही. आठ-पंधरा दिवसांत येईल परत.

३० जुलै

नाही आलं.

पण मी सगळं व्यवस्थित निभावतोय. आज सकाळी कॉफीत दूध घालून प्यायलो. ओडिल माझ्याकडे बघत उभी होती. म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही," आणि उरलेलं दूध मोरीत ओतून टाकलं. ही अलीकडे फार उधळी झालीय.

दुपारी मी पेपर वाचत होतो. ती दारात शेंगा सोलत बसली होती. एकदम म्हणाली, "रेजिस, कोबी करपला का रे?"

मी नाक वर केलं, हुंगल्यासारखं केलं. "हो, जरासा. बघ जाऊन."

ती उठली नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा शेंगा सोलायला लागली. नंतर स्वयंपाकघरात गेलो तर शेगडी बंद होती आणि ओट्यावर कोबी नव्हताच. संपवला असेल. करपल्याचा वास घरात रेंगाळतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. वेळ मारून नेली.

११ ऑगस्ट

फवारणीच्या पंपाचा वॉशर आणायला जातो असं सांगून व्हिएनला जाऊन आलो. नाक-कान-घशाचा डॉक्टर तरुण आहे. त्याच्या हाताला साबणाचा वास येत असणार, असं उगाच वाटलं.

म्हणाला, "नाकातून मेंदूकडे वासाच्या फार बारीक शिरा जातात. आपटलात तेव्हा त्या तुटल्या."

"जुळतील?"

"काहींच्या जुळतात, काहींच्या नाही. काहींच्या अर्ध्यामुर्ध्या जुळतात. वर्षभर वाट बघावी लागेल. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, लॅव्हेंडर असं काहीतरी हुंगा आणि त्याचा वास आठवायचा प्रयत्न करा. नाकाला शाळेत घालायचं." मग त्यानं विचारलं, "काम काय करता?"

मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे कोत-रोती वाईन?" म्हणाला. "माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी तीच उघडली होती." आणि पेन उचलून पुन्हा लिहायला लागला.

लवंगा स्वयंपाकघरातून उचलल्या, अवजारांच्या खोलीत फडक्यात बांधून ठेवल्या. शाळा तिथे भरते. सकाळी मी बंद दाराआड उभा राहून लवंग हुंगतो आणि लहानपणी दात दुखायचा तेव्हाचं काहीतरी आठवायचा प्रयत्न करतो. दात आठवतो. लवंग नाही.

वॉशर आणायचा राहून गेला. ओडिलनं विचारलंही नाही. बरं झालं.

१७ ऑगस्ट

अवजारांच्या खोलीत माझ्या फडक्याशेजारी ताज्या लवंगांची पुडी सापडली. आणि दोन लिंबं. ओडिलला सामान कुठे ठेवायचं याचं भान राहिलेलं नाही. वय झालं आमचं.

२८ ऑगस्ट

ब्लांदिन आली. माझी मुलगी लिओंला चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. सणासुदीला येते, दोन दिवस राहते, जाते. वाईनमध्ये तिला कधी रस नव्हता. लहान असताना तळघरात यायची ती फक्त उन्हाळ्यात गारव्याला. आणि आज एवढी मोठी बॅग घेऊन उतरली.

"रजा साठली होती, बाबा. म्हटलं खुडणीला मदत करू."

"खुडणीला? तू?"

"का, मला हात नाहीत?"

हात आहेत, पण असं कुणी येत नाही. त्या पोराशी, काय त्याचं नाव, त्याच्याशी बिनसलं असणार. ओडिलला विचारलं तर म्हणाली, "तिला काही विचारू नकोस." म्हणजे नक्कीच बिनसलंय. बिचारी. मी ठरवलंय, तिच्याशी सांभाळून वागायचं.

१२ सप्टेंबर

आठवडाभर दक्षिणेचा वारा आहे. या वाऱ्यात आमचा उतार खरंच भाजून निघतो. कोत-रोती, म्हणजे भाजका उतार, हे नाव उगीच नाही पडलं. द्राक्षांच्या साली सुकायला लागल्यात. आल्बानची खुडणी उद्यापासून. त्यानं भिंतीवरून ओरडून विचारलं, "तू कधी?"

द्राक्षं बघायला नाक लागत नाही, हे देवाचे उपकार. मी एकेका तालीवर चढून दाणे तोंडात टाकले. साल चावली, बी दातानं फोडली. वरच्या तालींवरची बी भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरली, पण खालची अजून हिरवट होती, हिरड्यांना आवळत होती.

"मी अजून थांबतो," म्हटलं.

"पाऊस येतोय म्हणतात."

"येऊ दे."

आल्बान भिंतीशी आला, माझ्याकडे बघत राहिला. एरवी त्यानं मला मूर्खात काढलं असतं. आज म्हणाला, "तुझी जीभ खात्रीनं सांगतेय?"

"खात्रीनं."

त्यानं टोपी मागे सारली आणि स्वतःच्या माणसांना ओरडून सांगितलं की उद्याची खुडणी रद्द. मला हे विचित्रच वाटलं. आल्बान माझं कधीच ऐकत नाही.

पाऊस तीन गावं पलीकडे पडला.

२१ सप्टेंबर

खुडणी सुरू. असल्या उभ्या उतारावर घोडा चालत नाही, ट्रॅक्टर तर सोडाच. करंड्या पाठीवर घेऊन खाली आणायच्या. ब्लांदिनच्या दोन्ही गुडघ्यांना खरचटलं. दुपारी सगळे तालीच्या सावलीत जेवायला बसले. ओडिलनं सॉसेज, उकडलेले बटाटे आणि बकरीच्या दुधाचं चीज आणलं होतं. सगळे वाहवा करत होते. मीही केली. बटाटे गरम होते आणि चीज मऊ होतं, एवढं खरं सांगू शकतो.

ब्लांदिनला तोंड बंद ठेवता येत नाही. शेजारी खुडतानाही तेच. "बाबा, या पानांना टोमॅटोच्या झाडासारखा वास येतोय. बाबा, हा घोस कुजलाय, व्हिनेगर झालंय आतून." तिच्या वयाची असताना ओडिल अशी बडबडायची. बरं वाटतं ऐकायला.

व्हिनेगरचा घोस मी करंडीत टाकत होतो. तिनं काढून फेकून दिला.

६ ऑक्टोबर

टाक्यांत रस आंबून उकळतोय. काळ्या उताराची मोठी टाकी, गोऱ्या, म्हणजे फिकट मातीच्या, उताराची धाकटी. सकाळ-संध्याकाळ मी मांड्यांपर्यंत आत उतरतो आणि वर आलेला सालींचा थर तुडवून खाली दाबतो. हे काम पाय करतात. कुठे ऊब जास्त आहे, कुठे गार पडलंय, हे पोटऱ्यांना कळतं. कान लावला की टाकीच्या आत पावसाच्या पागोळ्यांसारखं चालू असतं. तो आवाज मंदावला की साखर संपत आली. हे मला माहीत होतं का इतकी वर्षं? माहीत असेल. नाकच एवढं मोठ्यानं बोलायचं, की बाकीच्यांचं कधी ऐकूच आलं नाही.

ब्लांदिन शिडीवर बसून असते, चष्मा कपाळावर. "आज सायकलच्या नव्या ट्यूबसारखं येतंय, बाबा. काल रास्पबेरी होती." मी तिला सांगितलं की असले शब्द आमच्यात चालत नाहीत. ट्यूब म्हणे!

पण मनात नोंद केली. ट्यूब म्हणजे टाकीला हवा कमी पडतेय. संध्याकाळी थर जास्त वेळ तुडवला.

९ ऑक्टोबर

आज थोडक्यात वाचलो. मी मोठ्या टाकीपाशी उभा राहून, सगळं उत्तम चाललंय अशा अर्थानं मान डोलवत होतो. ब्लांदिन शिडीवर चढली आणि म्हणाली, "बाबा, इथे कुणी उकडलेलं अंडं विसरलंय का? नासकं?"

अंड्याचा वास म्हणजे टाकी गुदमरलीय. लगेच हवा दिली नाही तर तो वास मुरतो आणि मग वर्षाची वाईन गेली. म्हणजे कालपासून हे चालू असणार आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

मी शांतपणे म्हणालो, "मलाही आला होता वास. तुझी परीक्षा बघत होतो."

"हो का? मग पास का मी?"

"काठावर."

तिनं हसू दाबलं. मग आम्ही दोघांनी मिळून खालचा नळ सोडला, रस रुंद घमेल्यात उसळत पडू दिला, पुन्हा वर चढवला. असं दिवसभर. हात भरून आले. मी तिला अधूनमधून विचारत होतो, "आता? तू सांग, बघू तुला कळतंय का." ती शिडीवरून सांगायची. आधी अंडं, मग काडेपेटी, मग दुपारी उशिरा, "गेलं, बाबा. आता काळी मिरी."

मी तिला पाठमोरा होऊन घमेलं धुवायला बसलो. डोळ्यांना काहीतरी झालं होतं.

पोरीला अजून कळलेलं नाही. भोळी आहे.

१५ नोव्हेंबर

वाईन पिंपांत भरली. आल्बान आला. दारातून "नाक घरी आहे का?" असं न विचारता सरळ तळघरात. पेला पुढे केला. मी ओतली. त्यानं नाक घातलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाला, "काय धूर आहे, रेजिस! धुरावलेलं डुकराचं मांस. मागे काळं ऑलिव्ह. आणि, आणि हे आपलं... व्हायोलेटची फुलं. अगदी टवटवीत."

"मी तेच म्हणणार होतो."

"मला माहीत आहे तू तेच म्हणणार होतास."

आल्बाननं आयुष्यभर वाईनसाठी दोनच शब्द वापरले: ‘चांगली’ आणि ‘पिण्याजोगी’. म्हातारपणी माणूस बोलका होतो, हे खरं. परवा पाववालाही थांबून सांगत होता की आज पाव जरा जास्त खरपूस झालाय, वासावरून कळतंच म्हणा. मी म्हटलं, कळतंच.

२ डिसेंबर

लवंगांची शाळा चालू आहे. विद्यार्थी नापास.

आज मनाशी ठरवून टाकलं. हे असं किती दिवस रेटणार? या वर्षी पोरगी योगायोगानं इथे होती म्हणून टाकी वाचली. ती कायमची थोडीच राहणार आहे. पुढल्या वर्षी मी एकटा मान डोलवत उभा असेन आणि टाकी नासेल. आमच्या घरच्या बाटलीवर आमचं नाव आहे. ते नासलेल्या वाईनवर गेलेलं बघण्यापेक्षा आत्ताच सोडावं.

काळ्या उताराचा वरचा तुकडा आल्बानला विकायचा. माझ्या बापाच्या हयातीपासून त्याचा डोळा आहे त्याच्यावर.

४ डिसेंबर

आल्बानला विचारलं. तो गाडीखाली पाय बाहेर काढून झोपला होता. तिथूनच म्हणाला, "काय?"

"वरचा तुकडा. तुला हवा होता ना?"

गाडीखाली पाना दाणकन खाली पडला. मग तो सरपटत बाहेर आला, तेलानं माखलेला. माझ्यावर एवढा भडकलेला मी त्याला भिंतीच्या भांडणातही पाहिला नव्हता.

"तुझ्या त्या पडक्या ताली माझ्या गळ्यात मारतोस? मी वेडा आहे? जा घरी!"

"अरे, पण तूच तर..."

"मला नकोय. तुझ्या पोरीला विचारलंस का? आधी तिला विचार. मग माझ्याकडे ये, तेव्हाही मी नाहीच म्हणेन."

पोरीचा काय संबंध? घरी येऊन ओडिलला सांगितलं नाही. अपमान झाला तो झालाच, वर ओझंही तसंच राहिलं.

२५ डिसेंबर

ओडिलनं कार्दोंची, त्या काटेरी देठांची, भाजी केली, हाडांतली मज्जा घालून, माझ्या आईची पद्धत. आजवर या भाजीवर मी कधी बोललो नाही, फक्त खात आलो. आज काहीच लागत नव्हतं तरी प्रत्येक घास सावकाश चावला. गुळगुळीत, किंचित कडू, मग मऊ. जिभेनं एवढं तरी सांगितलं. ताटातून मान वर केली तर दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"छान झालीय," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं. काय छान झालं होतं ते मात्र सांगता आलं नसतं.

ब्लांदिनची रजा अजून संपलेली नाही. चष्म्याच्या दुकानात एवढी रजा देतात?

२३ जानेवारी

वाईनच्या बाजाराचा आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

दरवर्षीप्रमाणे गावच्या मोठ्या सभागृहात सगळ्यांची टेबलं मांडली होती. गिऱ्हाइकं लिओंहून, व्हिएनहून, कुठूनकुठून येतात, पेला घेऊन टेबलाटेबलाशी थांबतात. सकाळ ठीक गेली. ओडिल एका बाजूला, ब्लांदिन दुसऱ्या बाजूला, दोघी बोलत होत्या. मी ओतत होतो आणि मान डोलवत होतो. दुपारी दोघी गाडीतून पाव आणि चीज आणायला गेल्या, आणि नेमक्या मादाम तिसरां आल्या. व्हिएनमध्ये यांची खानावळ आहे. म्हणजे खानावळ कसली, तिथे जेवायला महिनाभर आधी सांगावं लागतं. बाई माझ्या बापापासून आमच्याकडे येतात आणि खोटं बोललेलं त्यांना लगेच कळतं.

"यंदाचं पिंप चाखवा," म्हणाल्या.

मी बरोबर आणलेल्या बाटलीतून ओतली. त्यांनी हुंगली. मग तोच पेला माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही. तुमचं नाक काय म्हणतं ते ऐकायचंय. दरवर्षी मी तेवढ्यासाठीच येते."

मी पेला घेतला, फिरवला, नाक घातलं. थंड. ओलं.

मान वर केली तर तीन टेबलं पलीकडे आल्बान जोरजोरात खोकत होता. माझं लक्ष गेल्यावर त्यानं खोकणं थांबवलं आणि तोंडानं, आवाज न करता, काहीतरी म्हणायला लागला. ओठांचा चंबू केला, मग हातानं फूल केलं आणि ते नाकाशी धरलं. पुन्हा ओठ. व्हायोलेट. त्याच्या शेजारी त्याची बायको हातातल्या सॉसेजकडे बोट दाखवत होती आणि धूर वर जातो तशी बोटं नाचवत होती. दाराशी उभा असलेला पाववालाही काहीतरी खुणावत होता, ते मात्र मला कळलं नाही.

मी बघत राहिलो. आणि मग एकेक करून सगळं डोक्यात उतरायला लागलं. दूध. कोबी. लवंगांची पुडी. रद्द केलेली खुडणी. धुरावलेलं मांस आणि काळं ऑलिव्ह. सहा महिने मी गावाला फसवत होतो, आणि सहा महिने अख्खं गाव मला सांभाळत होतं.

पेला टेबलावर ठेवला.

"मादाम," मी म्हटलं, "मला वास येत नाही. जुलैपासून. पडलो, डोकं आपटलं, गेला."

मला वाटलं होतं सभागृह गप्प होईल. पण लगेच आल्बानचा आवाज आला, "देवा, सुटलो! रेजिस, लेका, मी घरी आरशासमोर उभा राहून विशेषणं पाठ करतोय. ‘टवटवीत’ शब्द मला बायकोनं शिकवला!"

आणि लोक हसायला लागले. आल्बान हसत होता, त्याची बायको डोळे पुसत होती, आणि मीही हसत होतो, हे मला उशिरा कळलं.

मादाम तिसरां मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेला उचलला. "मग ही वाईन केली कुणी?"

"मीच. पायांनी आणि कानांनी. नाक माझ्या मुलीचं."

ब्लांदिन तेवढ्यात पावांच्या पिशव्या घेऊन आत आली. सगळे तिच्याकडे बघतायत हे पाहून जागीच थांबली.

"ये," मी म्हटलं. "मादाम विचारतायत, हिचा वास कसा आहे. तुझ्या शब्दांत सांग. ट्यूब असेल तर ट्यूब सांग."

तिनं पिशव्या खाली ठेवल्या, हात पँटला पुसले, हुंगलं. "पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो ना, तो. त्यावर कुणीतरी मिरी कुटलीय. आणि खोलीबाहेर व्हायोलेटची कुंडी आहे, पण दार बंद आहे."

मादाम तिसरांनी पुन्हा हुंगलं. खूप वेळ. "दार कधी उघडेल?"

"घाई करू नका," ब्लांदिन म्हणाली. "दोन-तीन वर्षांनी या."

"दोन-तीन वर्षांनी इथे कोण असेल?"

ब्लांदिननं सुरी उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाव कापायला लागली.

मादाम तिसरांनी नेहमीएवढ्याच वाईनची मागणी नोंदवली आणि जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

२४ जानेवारी

ओडिलला विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"त्या दुधापासून. नासका वास मारणारं दूध तू चव घेत घेत प्यायलास."

"मग बोलली का नाहीस?"

ती इस्त्री करत होती. "तू सांगायची वाट बघत होते. ब्लांदिनला आणि आल्बानला तेवढं सांगितलं. नाक गेलं ते गेलंच होतं. वर तुझा ताठा मी कशाला मोडू? त्यावर तर तू उभा होतास."

मग इस्त्री उभी ठेवून माझ्या जवळ येऊन बसली. तिच्या केसांचा वास मला आठवत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तसा काही खास नव्हता."

खोटं बोलली. होता.

१९ फेब्रुवारी

कॉफीला जळक्या रबराचा वास आला!

ओरडलो. ओडिल धावत आली, ब्लांदिन आंघोळीतून तशीच डोक्याला टॉवेल बांधून आली. मी कप पुढे केला. "घाण वास येतोय! अगदी भयंकर!"

"कॉफी तर बरी आहे," ओडिल म्हणाली, मग तिला कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरला फोन लावला. म्हणाला, "शिरा जुळायला लागल्या की सुरुवातीला असाच गोंधळ होतो. सगळं जळकं, सडकं वाटतं. कुठवर येईल सांगता येत नाही, मस्यू. पण आलंय, हे खरं."

दोन कप प्यायलो. दोन्ही किळसवाणे होते. तिसरा मागितला तर ओडिल म्हणाली, पुरे.

११ मार्च

कुठली पिंपं एकत्र करायची, ते ठरवायला आम्ही दोघं तळघरात बसलो. काळ्या उताराचं सहावं पिंप मला नको होतं. जिभेला खरखरीत लागतं, हिरड्या आवळतं. ब्लांदिन म्हणे, घ्यायचंच.

"उग्र आहे ते."

"उग्र नाही, बाबा, लाजतंय. वास बघ ना." मग तिनं जीभ चावली. "म्हणजे, माझ्यावर विश्वास ठेव."

"तोंडाला काय लागतं ते मला कळतं. माझ्यावर तू ठेव."

सकाळभर भांडलो. ती पेला आपटून वर निघून गेली, परत आली, मी वर निघून गेलो, परत आलो. शेवटी तिनं मान्य केलं की आत्ता मिसळलं तर सगळीच वाईन हिरड्या आवळेल, आणि मी मान्य केलं की काढून टाकलं तर काहीतरी कायमचं हातचं जाईल. पिंप उन्हाळाभर ठेवून मग बघायचं ठरलं. असं भांडण मी बापाशी करायचो. तो गेल्यापासून या तळघरात माझ्याशी कुणी भांडलेलं नाही.

वर आल्यावर तिनं लिओंला फोन केला, खोलीचं दार लावून बराच वेळ बोलत होती. मी ओडिलला म्हटलं, "त्या पोराशी मिटतंय वाटतं." ओडिल कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "रेजिस, तुझं नाक गेलं होतं, मान्य. बाकीचं कुठे गेलंय?"

२ एप्रिल

गोऱ्या उताराच्या खालच्या कोपऱ्यात जुन्या वेली मेल्या होत्या. जागा कितीतरी वर्षं मोकळी पडून होती. मी म्हणत होतो, राहू दे, आपल्याला पुरे आहे तेवढं. ब्लांदिननं मला न विचारता रोपवाटिकेतून सिरा द्राक्षाची रोपं आणली. मेणात बुडवलेल्या, बोटभर जाड काड्या.

आज लावली. जमीन दगडाच्या पापुद्र्यांची, पहारीशिवाय खड्डा होत नाही. मी पहार मारायची, तिनं काडी उभी धरायची, मी माती दाबायची. खाली रोन नदी फुगून वाहत होती, पलीकडच्या रुळांवरून मालगाडी गेली. हवेत काहीतरी होतं. माती असेल, किंवा गाडीचं तेल असेल. ओळखता आलं नाही. ब्लांदिनला विचारणार होतो, मग विचारलं नाही. थोडा वेळ ते मला एकट्यालाच हवं होतं.

पहिला घोस धरायला या काड्यांना तीन-चार वर्षं लागतात. तोवर प्रत्येक उन्हाळ्यात हातानं पाणी घालावं लागतं. वर नळी पोचत नाही, कॅन पाठीवर घेऊन चढायचं. एक ऑगस्ट चुकला तर मेली.

"मला आता एवढं चढवत नाही," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये या सगळ्यांना पाणी घालायला वर कोण येणार आहे?"

"मी," ती म्हणाली, आणि पुढच्या काडीसाठी हात पुढे केला.